न पुसायच्या काचा

नवऱ्याची गाडी पहाटेची होती. त्याला स्टेशनवर सोडल्यावर परत घरी जाऊन झोपण्याइतका वेळ उरला नव्हता आणि कामाला लागण्याइतकी तरतरी नव्हती, म्हणून ती तशीच संस्थेत आली, आणि आलोच आहोत तर नोंदी बघू म्हणून गच्चीवर गेली. घडलं ते एवढंच. याहून मोठं काही घडलं असतं, आग लागली असती, गच्ची खचली असती, तर निदान चार माणसं धावत आली असती. गच्चीचं दार ढकललं तेव्हा ऊन अजून पाण्याच्या टाकीमागेच होतं, आणि मामा उजव्या रांगेतलं चौथं पॅनल पुसत होते. मामा म्हणजे संस्थेचे शिपाई. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना आडनावाने हाक मारणारा एकच साहेब होऊन गेला, आणि तोही बदली करून घेऊन गेला. पायाशी बादली, खांद्यावर कोरडं फडकं, हातात ओलं, आणि कोपऱ्यातली घाण निघावी म्हणून फडक्याच्या टोकात बोट घालून ते काच घासत होते, घरचा आरसा घासावा इतक्या निगुतीनं. गच्चीवर पॅनलच्या दोन रांगा होत्या, सहा आणि सहा. डाव्या रांगेची काच साधी. उजव्या रांगेच्या काचेवर तिनं बनवलेला लेप होता. त्यावर धूळ टिकत नाही, वाऱ्याबरोबर निघून जाते, असा तिचा दावा. धूळ बसली की पॅनल वीज कमी देतं, आणि जिथे ऊन रग्गड तिथे नेमकं पुसायला पाणी नसतं, म्हणून हा सगळा खटाटोप. दोन्ही रांगांना कुणी हात लावायचा नाही, फक्त कोण किती वीज देतं ते बघत राहायचं, वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. सगळा प्रयोग हात न लावण्यावर उभा होता.

"आज लवकर, मॅडम?" मामांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं काही नव्हतं. उलट एखाद्याचं काम एकदाचं कुणाच्या तरी नजरेस पडावं तसं समाधानच होतं.

"तुम्ही हे रोज पुसता?"

"रोज. तुम्ही यायच्या आत."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून की. तुम्हीच रागावला होतात ना पहिल्या आठवड्यात, त्या रांगेला हात लावायचा नाही म्हणून. नाही लावला. पण हे तुमचे, लेपाचे. म्हटलं, हे तरी चकचकीत राहू देत, लोक येतात बघायला." मग फडकं पिळत पिळत ते म्हणाले, "एक दिवस खाडा नाही. बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा अकरा दिवस रजेवर होतो, तेवढंच."

ती 'बरं' म्हणाली. बरं म्हणून जिना उतरताना तिला स्वतःचंच नवल वाटलं, की माणूस कशालाही बरं म्हणू शकतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली. तो पहिला आठवडा तिला लख्ख आठवला. मामांनी डाव्या रांगेतली एक काच पुसून ठेवली होती आणि ती त्यांच्यावर अशी ओरडली होती की खालच्या मजल्यावरची माणसं वर बघायला आली. त्या रांगेला हात लावायचा नाही, कळलं का, असं तिनं बोट दाखवून सांगितलं होतं, एकदा नव्हे तीनदा. उजव्या रांगेकडे बोट दाखवलंच नव्हतं. ज्याला पुसायची गरजच नाही ते कोण कशाला पुसेल, असं तिला वाटलं होतं. आणि मामांना वाटलं होतं, ज्याचं कौतुक व्हायचं आहे ते कोण कशाला मळकं ठेवेल. तिनं स्वतः वर काचा कधी हातानं चाचपल्या नव्हत्या. काचेला लावलेलं यंत्र दर पाच मिनिटांनी आकडा टिपायचं, तो आकडा खाली तिच्या टेबलावर यायचा, आणि खाली बसून तो बघायला तिला आवडायचं. आपलं सगळं आयुष्य खाली बसून आकडे बघण्यात गेलं आणि वर एक माणूस रोज बादली घेऊन चढत होता, हे तिच्या डोक्यात नीट बसेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा रोज सकाळी दुसराच कुणी घासून काखेत ठेवत होता.

खोलीत येऊन तिनं दाराला आतून कडी लावली आणि तीन वर्षांचा आलेख उघडला. खालची रेघ साध्या काचांची, आठवड्या-आठवड्याला उतरत गेलेली, पाऊस झाला की उसळणारी, पुन्हा उतरणारी. वरची रेघ लेपाची, सरळ. ही सरळ रेघ छापून आली होती, परदेशातल्या सभागृहात पडद्यावर दिसली होती, आणि ती बघून एक म्हातारे प्राध्यापक जागेवरून उठून तिच्याशी हात मिळवायला आले होते. रेघेत एकच जागा तुटलेली होती. दुसऱ्या वर्षीचे अकरा दिवस. ते आकडे तिनं काढून टाकले होते आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, वायरमधला दोष. तिनं जुनी फाईल शोधली. त्या अकरा दिवसांत वरची रेघ उतरत गेली होती, अगदी खालच्या रेघेच्या चालीनं, रोज थोडी थोडी. तेव्हा ती किती घाबरली होती. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. मग वायरमनला बोलावलं, त्याने वायर बदलली, आणि दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा वर गेली, म्हणजे वायरच खराब होती, हे सिद्धच झालं. त्याच दुसऱ्या दिवशी मामा रजेवरून परत आले होते. हजेरीचं रजिस्टर मागवायची गरज नव्हती, तरी तिनं मागवलं, तारखांवर बोट ठेवलं, आणि बोट बराच वेळ तिथेच राहिलं. तीन वर्षांत तिच्या यंत्राने फक्त अकरा दिवस खरं सांगितलं होतं, आणि ते अकरा दिवस तिनं स्वतःच्या हाताने कापून टाकले होते. मामांनी काच पुसली. तिनं तेवढंच पुसलं, फक्त फडक्याशिवाय. आणि त्या वेळी, वायरमन खाली चहा पीत होता तेव्हा, तिच्या मनात एक क्षण आलं नव्हतं का की वायर खराब असती तर रेघ एकदम पडली असती, अशी पायरी-पायरीनं उतरली नसती? आलं होतं. आलं होतं आणि ती म्हणाली होती, उगाच शंका काढत बसायचं नाही. हेच तिला आता सहन होईना, की तिला माहीत नव्हतं असं नाही.

ती विजेच्या कॉलनीत वाढली होती. वडील कोळशावरच्या वीजघरात बॉयलरवर, आणि कॉलनी धुराड्याच्या पायथ्याशी. राख सगळीकडे असायची. खिडकीच्या चौकटीत, दुधाच्या सायीवर, वह्यांच्या पानांत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या शिवणीत. आई सकाळी पुसायची, वडील ड्यूटीवर गेले की पुसायची, शाळेतून मुलं यायच्या आधी पुसायची, आणि रात्री जेवणाची ताटं मांडायच्या आधी ताटं पुन्हा एकदा पुसायची. आईचा उजवा हात तिला कधी रिकामा आठवतच नाही. एकदा शाळेत निबंध होता, माझी आई, आणि तिनं पहिलंच वाक्य लिहिलं होतं की माझी आई पुसते. बाईंनी वर्गात वाचून दाखवलं आणि सगळी मुलं हसली. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं आईच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि मोरीत फेकलं, आणि आईने दुसरं घेतलं. वीज अशी असली पाहिजे की जिच्यासाठी कुणाला काही पुसावं लागणार नाही, हे तिनं कधी ठरवलं ते सांगता येणार नाही, पण त्या मोरीपासून या लेपापर्यंत वाट सरळ होती. बाकीचे लोक मोठमोठ्या गोष्टी करत होते, बॅटऱ्या, वाऱ्याची पाती, हायड्रोजन. ती म्हणायची, आपल्यासारख्या देशांत ऊन आहे, जमीन आहे, माणसं आहेत, पाणी नाही. मी पाणी वाचवते. अकरा वर्षं. प्रयोगशाळेतल्या बंद पेटीत चाळलेली, कोरडी, शहाणी धूळ उडवली की ती लेपावरून खरंच घसरायची. बाहेरची धूळ शहाणी नव्हती. ती धूर घेऊन येत होती, चुलीचा, गाड्यांचा, भट्ट्यांचा, आणि चिकटत होती.

हे इथवरच थांबलं असतं तरी चाललं असतं. एक बाई चुकली, छापून आलेला एक संशोधनाचा कागद मागे घेतला, लोकांनी चार दिवस हसून घेतलं. पण लेप गच्चीवरून उतरून गेला होता. आठ महिन्यांपूर्वी कोरड्या पठारावरच्या सतरा वस्त्यांना छोटी वीजघरं बसवली, साठ-साठ पॅनलची, सगळ्या काचांवर तिचा लेप. तिथे पाणी टँकरने येतं, चार दिवसांनी. विजेवर दिवे, पिठाची गिरणी आणि दवाखान्यातला लसींचा फ्रिज. पहिल्या वस्तीत वीजघर सुरू झालं तेव्हा ती स्वतः गेली होती. देखरेखीला गावातलीच एक बाई नेमली होती, सगळे तिला वीजवाली म्हणायला लागले होते आणि ती ते नाव मिरवत होती. तिनं संस्थेतून स्वतः लिहून आणलेली सूचना भिंतीवर लावली, मोठ्या अक्षरात, की काचांना हात लावू नये, पुसू नये, पुसल्यास लेप जातो. वीजवालीने ती सूचना दोनदा वाचली आणि विचारलं, खरंच पुसायचं नाही? घर पुसतो, भांडी पुसतो, पोरांची नाकं पुसतो, आणि ही एक वस्तू अशी की पुसली तर रागावते? सगळे हसले. तीसुद्धा हसली, आणि परतीच्या गाडीत तिला रडू आलं होतं, सुखानं. दोन महिन्यांपूर्वी तिथून निरोप आला होता की दिवे पहाटेच्या आधीच जातात. तिनं तो बॅटरीवाल्यांकडे पाठवून दिला होता. लेप सोडून जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तिनं संशय घेतला होता, आणि प्रत्येक वेळी अगदी मनापासून.

अकरा वाजता ती संचालकांकडे गेली. ते वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर सोपं झालं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, डोळे चोळले, आणि तिला पाणी दिलं. मग ते हळूहळू बोलत राहिले, घरातल्या वडीलधाऱ्यासारखे. लेप वाईट आहे असं कुठे सिद्ध झालंय, फक्त पुन्हा मोजायला हवं. नवे वर्षभराचे आकडे घेऊ, मग एक सुधारित कागद काढू, त्यात जरा कमी आकडा देऊ, त्यापुढे आणखी कमी. कुणी डोकं फोडणार नाही. आणि कुणी विचारलंच, तर अनधिकृत हस्तक्षेप झाला असं लिहू, शिपायाला घरी बसवू, तसंही त्याचं एक वर्ष उरलंय. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं काहीतरी ती पुटपुटली, तर ते म्हणाले, तांबडं फुटेल तेव्हा फुटेल, आपण कोंबडं कापून ओरडत कशाला सुटायचं? तिला हसू आलं, आणि हसू आलं याची शरम वाटली. निघताना त्यांनी जे म्हटलं ते मात्र तिच्या मानेवर दिवसभर बसून राहिलं.

"तुम्ही आज खरं बोलून मोकळ्या व्हाल," ते म्हणाले, "आणि उद्या कोळशावाले तुमचाच कागद फडकवत फिरतील."

ती दुपारी जेवायला घरी गेली. क्वार्टर संस्थेच्या मागेच होतं. रस्त्यातून जाताना तिनं मनात दोन-तीनदा ते वाक्य लिहून पाहिलं, अनधिकृत हस्तक्षेप, आणि त्या वाक्यानं किती बरं वाटतं ते अनुभवलं. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून मामांच्या छातीवर ठेवावा, इतकं बरं. निवृत्तीला आलेला म्हातारा, बायको आजारी, काचा पुसणारा. त्यानं फसवलं. त्यानं अकरा वर्षं मातीत घातली. फाटकाशी पोचेपर्यंत तिला त्यांचा खरोखरीचा राग यायला लागला होता, आणि मग तो राग कुणाच्या मालकीचा आहे ते आठवून ती फाटकालाच टेकून उभी राहिली. समोरच्या क्वार्टरमधल्या बाईंनी विचारलं, चक्कर आली का. ती हो म्हणाली, कारण ते सांगायला सोपं होतं.

आईने जेवण गरम करून ठेवलं होतं आणि ती टेबल पुसत होती. वडील जाऊन तीन वर्षं झाली, धुराडं मागे राहून वीस, पण आईचा हात चालूच. टेबल स्वच्छ होतं. ती समोर बसली, घास हातात घेऊन तसाच धरून राहिली, आणि जे चाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, तुला आवडायचं का गं पुसायला?

आईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ही मुलगी शिकली तरी शहाणी झाली नाही. "आवडायचं कसलं. पण न पुसून करणार काय होते? तुझे बाबा म्हणायचे, राख नाही तर वीज नाही. मी म्हणायचे, वीज तुम्ही करा, राख माझी." मग ती तिच्या ताटाकडे बघून म्हणाली, "जेव. तोंड कसं झालंय."

ती जेवली नाही. उठून आतल्या खोलीत गेली, अंथरुणावर पालथी पडली आणि उशीत तोंड खुपसून रडली, आवाज न करता, लहानपणी वीजघराच्या भोंग्यात आवाज बुडवून रडायची तशी. तिला मरून जावंसं वाटलं. हे वाक्य तिनं आयुष्यात पुष्कळदा सहज म्हटलं होतं, परीक्षा, लग्नघर, प्रवास. आज ते पहिल्यांदा सहज नव्हतं, आणि ती घाबरून उठून बसली. अकरा वर्षांत नवऱ्याबरोबर तीन सुट्ट्या, मूल होऊ द्यायचं की नाही याचं बोलणं पुढे ढकलत ढकलत संपलेलं, वडील गेले तेव्हा ती गच्चीवर वायर जोडत होती. हे सगळं या लेपाच्या नावावर टाकून ती शांत झोपत आली होती. आता ते कुणाच्या नावावर टाकायचं? बाहेर आई भांडी आवरत होती, अगदी हलक्या हातानं, म्हणजे तिला सगळं कळलं होतं.

तीन वाजता ती पुन्हा खोलीत आली. टेबलावर सतरा वस्त्यांची यादी होती, आणि पहिल्या वस्तीपुढे वीजवालीचा नंबर, तिच्याच अक्षरात. पत्र लिहायला घेतलं तर पत्रात अनधिकृत हस्तक्षेप आपोआप आला. खोडला, तर पुढच्या वाक्यात तांत्रिक अनिश्चितता आली. पत्र हे असंच असतं, ते लिहिणाऱ्याची बाजू घेतं. तिनं कागद फाडला आणि फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. उचलू नये, असं तिला वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं, आणि तेवढ्यात तो उचलला गेला.

वीजवालीने तिचा आवाज लगेच ओळखला. पण मी आता त्या कामावर नाही, ती म्हणाली, मला काढून महिना झाला. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती थकलेली माहिती होती. फ्रिज पहाटे बंद पडायला लागला, नर्सबाईंनी दोनदा लसी फेकून दिल्या, लांबून पोरं कडेवर घेऊन आलेल्या बाया तशाच माघारी गेल्या. मग गावात बैठक बसली. कुणी म्हणालं, काचा मळल्यात. दुसरं कुणी म्हणालं, मळणारच, हिनं चोरून पुसल्या असणार, लेप घालवला असणार, भिंतीवर लिहिलंय ना पुसल्यास लेप जातो म्हणून. एकीने तर हातात फडकं बघितलं म्हणून सांगितलं. बाईच्या हातात फडकं नसायला झालंय काय, वीजवाली म्हणाली, पण ऐकतो कोण.

"पोराची शपथ घेतली मी सगळ्यांच्या पुढे," ती म्हणाली. "काचेला बोट लावलं नाही, मॅडम. तुम्ही म्हणालात नाही, तर नाही. तुम्ही तरी विश्वास ठेवा."

तिनं डोळे मिटले. संचालकांची खोली, ते म्हातारे प्राध्यापक, सरळ रेघ, सगळं एकदम समोर उभं राहिलं आणि म्हणालं, थांब, अजून थांबता येईल.

"तुम्ही पुसलं नाही, मला माहीत आहे," ती म्हणाली. "लेपच काम करत नाही. इथे गच्चीवर आमचे मामा रोज काचा पुसत होते, मी पुसू नका असं त्यांना सांगितलंच नव्हतं, आणि मी समजले लेपामुळे स्वच्छ राहतात. चूक माझी आहे. तुम्ही पुसलं असतं तर फ्रिज चालू राहिला असता."

पलीकडे दूर कुणीतरी भांडं खाली ठेवलं.

"म्हणजे पुसायला हवं होतं."

"हो."

"आणि तुम्ही लिहिलं होतं, पुसू नका."

"मीच लिहिलं होतं."

वीजवाली शिव्या देईल, रडेल, फोन आपटेल, असं काहीतरी तिला हवं होतं. त्यातलं काहीच झालं नाही. वीजवालीने विचारलं की आता पुसलं तर चालेल का, आणि कोरड्या फडक्याने निघतं का. नाही, ती म्हणाली, कोरड्याने ओरखडे पडतील, पाणी लागेल. किती? एका काचेला दोन लिटर, साठ काचा, आठवड्यातून एकदा. हे आकडे तिला पाठ होते. हेच पाणी वाचवायला ती अकरा वर्षांपूर्वी निघाली होती. पलीकडे वीजवाली स्वतःशी पुटपुटत हिशेब करत होती, लिटरांचे हंडे करत होती.

"आठ हंडे," शेवटी ती म्हणाली. "टँकर आला की एका घराला आठच मिळतात. तुम्ही या, मॅडम. सगळ्यांसमोर सांगा की हिनं पुसलं नव्हतं. आणि दर आठवड्याला कुठल्या घराचे आठ हंडे काचांवर ओतायचे, तेही तुम्हीच उभं राहून सांगा."

ती 'येते' म्हणाली. तिकडून फोन ठेवला गेला, तरी तो कानाला तसाच धरून ती आणखी एकदा म्हणाली, येते.